ट्रकवाल्याला ऐकू जाईल असा हॉर्न

जीवराम फेगड्याच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजतोय हे जगात दोघांनाच कळायचं. एक खुद्द जीवरामला, कारण बटणावर अंगठा त्याचा असायचा. दुसरी त्याची बायको झुंबरबाई. बाकीच्यांना तो ऐकू यायचा नाही, आणि आलाच तर मोबाइलवर मेसेज आला असेल म्हणून माणसं आपापले खिसे चाचपायची.

गाव यावलपासून पाच-सहा किलोमीटरवर. सकाळी आठला जीवराम गाडी ओट्याखाली उतरवायचा, किक मारायचा, गल्लीकडे तोंड करून उभा राहायचा आणि दोनदा बटण दाबायचा. पिप, पिप. आत झुंबरबाई भाकऱ्या बांधत असो, मागच्या अंगणात भांडी घासत असो, नाहीतर शेजारच्या सुंदरबाईशी भिंतीवरून बोलत असो, तिला तो बरोबर ऐकू जायचा. बोलणं जिथल्या तिथं सोडून ती पिशवी उचलायची, बाहेर येऊन एका बाजूला पाय सोडून मागं बसायची, आणि दोघं चार किलोमीटरवरच्या वावरात जायची. सुंदरबाईला तर इतकी सवय झाली होती की आठ वाजत आले की ती महत्त्वाचं काही सांगायलाच घ्यायची नाही.

जीवरामनं बायकोला नावानं हाक कधी मारली नव्हती. त्यात रागलोभ काही नव्हता. लग्न झालं तेव्हा त्याचे वडील दिवसभर ओट्यावर बसून असत, आणि त्यांच्यादेखत बायकोचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा 'ऐकलं का' यावर भागायचं. मुलगी झाली तशी 'भाविकाची माय' सुरू झालं. पुढं वडील गेले, भाविका लग्न होऊन जळगावला गेली, मुलगा हितेंद्र धुळ्याला कंपनीत लागला. घरात नाव घ्यायला अडवणारं कुणी उरलं नाही, पण तोवर जीभच वळेनाशी झाली होती. मग गाडीच्या हॉर्ननं ते काम आपल्या अंगावर घेतलं आणि जीवराम सुटला.

खरं सांगायचं तर या दोघांचा संसार त्या गाडीवरच चालायचा. घरात समोरासमोर बसले की 'भाजीत मीठ कमी हाये' याच्या पलीकडे जीवरामच्या तोंडून अक्षर निघायचं नाही. पण गाडी गावाबाहेर पडली, त्याची पाठ तिच्याकडे झाली, की गडी खुलायचा. भाविकाचा फोन आला होता का, हितेंद्रनं यंदा तरी पोरगी पाहायला होकार दिला का, केळीचा भाव कशानं उतरला, डॉक्टरनं रक्तातली साखर किती सांगितली, सगळं त्या चार किलोमीटरमध्ये व्हायचं. भांडणंही तिथंच. एकदा भांडणाच्या भरात जीवराम वावर सोडून दोन किलोमीटर पुढे निघून गेला होता, आणि झुंबरबाईनंही आपलं बोलून होईपर्यंत त्याला ते सांगितलं नव्हतं.

ही बैठक मोडली ती पाटाच्या वळणावर. तिथं रस्ता पाटाला वळसा घालतो, आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा अशा दाट की समोरून हत्ती आला तरी सोंड लागेपर्यंत कळू नये. त्या मंगळवारी हत्ती नाही, पण घडांनी भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आलं. ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्यानं गाणी लावलेली. पानांमधून लाल बॉनेट दिसलं तसं जीवरामनं जीव खाऊन बटण दाबलं. हॉर्न पिप म्हणाला. ट्रॅक्टरवाल्यानं खिसासुद्धा चाचपला नाही. जीवरामनं गाडी कडेला घातली, ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली आणि तोही उभा राहिला. झुंबरबाई मात्र बागेच्या कडेला जाऊन चिखलात बसली. ठिबकची नळी फुटलेली होती म्हणून तिथं चिखल होता, आणि चिखल होता म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावलं.

घरी येऊन तिनं पाय धुतला, हळद लावली, आणि मग भिंतीकडे पाहत म्हणाली, "आवाज देता येत नसीन तं मी त्या गाडीवर बसत नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता हॉर्न वाजला, पण झुंबरबाई काही बाहेर आली नाही. ती मजूर बायांच्या टेम्पोत बसून वावरात गेली. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि चौथ्याही.

जीवराम एकटा जाऊ-येऊ लागला. पहिल्या दिवशी सवयीनं तो बोलत गेला. हितेंद्रचं म्हणणं कसं चूक आहे हे पटवून देता देता त्यानं 'हो का नाही?' म्हणून मान वळवली, तेव्हा मागं मोकळी सीट आणि तिच्या पलीकडे सायकलवरचा एक अनोळखी माणूस दिसला. त्या माणसानं भिडेखातर मान हलवली. त्यानंतर जीवराम तोंड मिटून गाडी चालवू लागला, आणि ते चार किलोमीटर त्याला चौदा वाटू लागले. त्याला झुंबरबाईची आठवण येत होती. आणि झुंबरबाई तर दिवसभर त्याच वावरात, पन्नास पावलांवर कापूस वेचत होती. अशा आठवणीचं काय करायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पण उपाय त्याला सरळ दिसत होता. गाडीला आवाज नाही म्हणून बाई बसत नाही. आवाज आणला की बाई बसणार.

त्यानं धुळ्याला हितेंद्रला फोन लावला. हितेंद्रला मोबाइलवर काहीही शोधून द्यायला सांगितलं की भारी उत्साह येतो. त्यानं तासाभरात सतरा व्हिडिओ पाठवले. कोणत्या हॉर्नचा आवाज किती लांब जातो, कोणता पावसात टिकतो, कोणता फक्त दिसायला चांगला, सगळं त्यात माणसं ओरडून ओरडून सांगत होती. जीवराम बांधावर बसून एकामागून एक ऐकत गेला. त्याच्या मोबाइलमधून सतराच्या सतरा हॉर्न डासासारखेच ऐकू आले.

"बठ्ठे सारखेच वाजतात रे," त्यानं परत फोन केला.

"आबा, ते मोबाइलमुळे. बजेट किती आहे तुमचं?"

"पाचशे."

"पाचशेत मोठा आवाज?"

"तुह्या मायले गाडीवर बसवायचं हाये."

पलीकडे हितेंद्रनं चालू असलेला अठरावा व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, "मग ऑनलाइन नका मागवू. यावलला मुख्तारकडे जा."

मुख्तारचं दुकान यावलच्या बसस्टँडसमोर. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी टेबल, टेबलावर बॅटरी आणि तीन भिंती भरून टांगलेले दिवे, वायरी अन् हॉर्न. मुख्तार मूळचा शिंदखेड्याचा. बारा वर्षं त्यानं धुळ्याला हायवेवरच्या गॅरेजात ट्रकांची वायरिंग केली, आणि सासुरवाडी यावलची म्हणून इथं येऊन बसला. त्याची अहिराणी ऐकून यावलकर हसायचे आणि यावलकरांची बोली ऐकून तो. कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून हसून झालं की गाडी सगळे त्याच्याकडेच आणायचे.

"आबा, आवाज कोनले ऐकू जावाले पाह्यजे?" मुख्तारनं पहिलं हेच विचारलं.

"ट्रकवाल्याले. ट्रॅक्टरवाल्याले. त्यानं गाणे लावेल असीन तरी."

"आनि गल्लीमा?"

"गल्लीचं सोड. गल्लीत काय ट्रक येतात का?"

मुख्तारनं भिंतीवरून एक चपटा हॉर्न काढला आणि बॅटरीच्या दोन वायरी त्याला टेकवल्या. दुकान दणाणलं. जीवरामला काही तो पटला नाही. हातभर अंतरावरून तर भांडंही मोठ्यानं वाजतं. त्यानं ठरवलं, आपण रस्ता ओलांडून स्टँडच्या फाटकापाशी उभं राहायचं, मुख्तारनं एकेक हॉर्न वाजवायचा, आणि ऐकू आला तर आपण हात वर करायचा. गिऱ्हाईक इतकी मेहनत घेतंय म्हटल्यावर मुख्तारनंही हरकत घेतली नाही.

चपटा हॉर्न ऐकू आला, पण मध्ये चोपड्याची बस आली आणि तो बसमागं विरून गेला. दुसरा कुणा तरुणाच्या गाडीचा असावा तसा नाचऱ्या चालीचा होता. मुख्तार दुकानातून ओरडला, "हाऊ पोरेसना गाडीना शे, आबा. अठरा चाली वाजतस." त्यातली एक चाल रडणाऱ्या तान्ह्या पोराची निघाली. स्टँडवर बसलेल्या एका बाईनं दचकून आपल्या मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. पोर झोपलेलं होतं. तिनं मग जीवरामकडे असं पाहिलं की त्यानं तो हॉर्न तिथल्या तिथं बाद केला. तिसऱ्यातून एक बाई गोड आवाजात गाडी मागे येत असल्याचं सांगत होती. जीवरामला आपली गाडी मागे न्यायची नव्हती.

चौथा हॉर्न म्हणजे जोडी होती. गोगलगायीच्या शंखासारखे दोन हॉर्न, एकाचा आवाज बारीक, एकाचा जाड, आणि दोन्ही एकदम वाजायचे. मुख्तारनं वायर टेकवली मात्र, स्टँडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, चहावाल्याच्या कपातला चहा बशीत आला, आणि नुकत्याच फलाटाला लागलेल्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर डोकावून मागं कोण आलंय ते पाहू लागला. जीवरामनं दोन्ही हात वर केले.

परत दुकानात आल्यावर त्याची नजर सगळ्यात वर टांगलेल्या लांबलचक लाल भोंग्यावर गेली. "मंग तो?"

"तो नको. प्रेशर हारन शे, बंदी शे त्याले. पोलीस पावती फाडी, आनि तुमनी गाडीले झेपाव बी नई."

जोडीची किंमत सातशे निघाली. जीवराम पाचशेवर अडून बसला. मुख्तार म्हणाला, एवढी नड असेल तर चपटा घ्या, तो स्वस्त आहे. तेव्हा जीवरामला खरं कारण सांगावं लागलं.

"घरची गाडीवर बसत नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पडली त्या दिवसापासून."

मुख्तारनं हातातली पक्कड खाली ठेवली. "मनी हसीना बी सहा महिना बसनी नव्हती."

"मंग काय केलं?"

"मंग मी चारचाकी लिधी."

हा सल्ला जीवरामच्या कामाचा नव्हता. पण मुख्तारनं बायकोचं नाव किती सहज घेतलं, जसं पाना मागावा किंवा चहा मागावा, हे त्याच्या कानात थोडा वेळ राहिलं. सहा महिन्यांच्या आठवणीनं मुख्तारही नरम झाला असावा, कारण त्यानं पुढं घासाघीस केली नाही. पाचशेत जोडी दिली आणि मजुरी घ्यायची नाही असं ठरलं.

बसवायला दीड तास लागला. हेडलाइट उघडला तर आतल्या वायरी वाळलेल्या काड्यांसारख्या तुटू लागल्या. एवढी जोडी जुन्या बटणावर थेट जोडली असती तर आठवड्यात बटण जळलं असतं, म्हणून मुख्तारनं मध्ये एक नवा रिले, म्हणजे हॉर्नचा भार बटणाऐवजी आपल्यावर घेणारी डबी, टाकला. एक हॉर्न लेगगार्डच्या डाव्या बाजूला, एक उजव्या, तोंडं किंचित खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत बसणार नाही. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यानं मागचा बारीक स्क्रू पाव-पाव आटा फिरवून दोघांचा सूर जुळवला. जुना हॉर्न काढून दाखवला, आतून गंजून त्याचा पापड झाला होता. "घर लई जातस का?" म्हणून त्यानं विचारलं. जीवराम म्हणाला, काय करू त्याचं. तो भंगाराच्या डब्यात गेला.

"इंजिन बंद असताना जास्त दाबू नका," मुख्तारनं बजावलं. "बॅटरी ल्हान शे."

जीवराम घरी जायच्या आधी मुद्दाम पाटाच्या वळणाला गेला. वळण पन्नास पावलांवर असताना त्यानं बटण दाबलं. बागांमधून बगळे उठले. पलीकडून येणारं एक ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला, गाणी बंद झाली, आणि थोड्या वेळानं ड्रायव्हर स्वतः पायी वळणावर येऊन उभा राहिला.

"काका, ट्रक कुठी हाये?"

"हाच," जीवराम म्हणाला आणि त्याच्या शेजारून शंभर सीसीची मोटारसायकल काढून ऐटीत पुढे गेला. इतका आनंद त्याला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी त्यानं गाडीवर पोतं टाकून ठेवलं, म्हणजे झुंबरबाईला आधी कळू नये. रात्री जेवताना दोनदा तो स्वतःशीच हसला. तिनं पाहिलं आणि ताटं उचलली.

सकाळी आठ वाजता त्यानं पोतं काढलं, किक मारली, गल्लीकडे तोंड केलं आणि रोजच्यासारखं दोनदा बटण दाबलं.

समोरच्या गोठ्यातल्या गायीनं दावं तोडलं. कुणाच्या तरी घरात पातेलं पडलं आणि ते बराच वेळ गोल फिरत राहिलं. तीन घरांतली तीन पोरं एकदम रडू लागली, आणि या वेळी ती खरी होती. प्रेमराजनाना, जे ऐंशीच्या पुढचे आणि एरवी कानाशी ओरडल्याशिवाय वळून बघत नाहीत, ते काठी घेऊन ओट्यावर आले आणि विचारू लागले की गल्लीत बस कुणी आणली. सुंदरबाई एका हातात पिठाचा उंडा घेऊन तशीच बाहेर. पाच मिनिटांत गल्ली अशी भरली की लग्नाच्या वरातीलाही तशी भरत नाही. जिच्यासाठी वाजवला ती तेवढी आली नाही.

जीवरामला वाटलं, ऐकू गेलं नसेल. असं त्याला का वाटावं हे सांगता येत नाही, पण वाटलं. त्यानं तिसऱ्यांदा दाबलं.

"आबा, बास करा," सुंदरबाई म्हणाली. "अक्का मागच्या दारानं गेली."

थोड्याच वेळात मजुरांचा टेम्पो गल्लीच्या तोंडावरून गेला. आत दहा-बारा बाया तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, आणि पदरांमागं काय चाललंय ते खांद्यांवरून कळत होतं. त्यांच्यात झुंबरबाई होती. ती हसत नव्हती, आणि गल्लीकडे पाहतही नव्हती.

जीवराम पार हिरमुसला. पाचशे रुपये, दीड तास, स्टँडवर त्या बाईनं डोळे वटारले ते वेगळंच. त्याला रागही आला. दुपारी बाकीच्या बाया बागेच्या पलीकडे जेवायला बसल्या तेव्हा तो निंबाखाली झुंबरबाईच्या समोर जाऊन बसला. समोरासमोर बसून बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं बोलायला सुरुवात केली ती तिच्या पिशवीशी.

"ट्रकवाल्याले ऐकू जातो आता. काल वळणावर पाह्यलं मी. ट्रॅक्टरवाला उतरून आला."

"बरं झालं."

"मंग बसत काबरं नाही? तूच तं म्हनली व्हती. आवाज देता येत नसीन तं..."

झुंबरबाईनं भाकरी मोडता मोडता मान वर केली. "मी गाडीचं म्हटलं का?"

आता आपल्याकडे आवाज देणे म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. गाडी आवाज देते आणि माणूसही माणसाला आवाज देतो. कुणाला बोलवायचं असेल तर 'त्याला आवाज दे' असंच म्हणतो आपण. पण जीवरामच्या घरी आवाज द्यायचं काम इतकी वर्षं गाडीकडेच होतं, त्यामुळे त्याला दुसरा अर्थ सुचलाच नव्हता. तो हातातला कांदा तसाच धरून बसला.

"तुमाले ट्रॅक्टर दिसलं," झुंबरबाई म्हणाली. "मले नाही दिसलं. मी पिशवी सावरू राह्यली व्हती. तुमी ट्रॅक्टरले आवाज देला. मले देला का? 'धर' म्हटलं असतं तरी धरलं असतं मी."

"येळ नव्हता तेवढा."

"बटन दाबाले व्हता ना?"

जीवरामनं कांदा खाली ठेवला. झुंबरबाईनं पुढं जे म्हटलं ते मात्र रागानं म्हटलं नाही, आणि म्हणून ते त्याला जास्त लागलं.

"आपल्या मागं कोनी बसेल हाये, हे त्या येळेस तुमच्या ध्यानात व्हतं का नाही, तेवढंच मले समजत नाही. चिखलात बसल्यापासून तेच पाहू राह्यली मी."

जीवरामच्या ध्यानात होतं. तिच्यासाठीच तर त्यानं गाडी कडेला घातली होती, एकटा असता तर ट्रॅक्टरच्या बाजूनं निसटून गेला असता. त्या एका क्षणात त्याच्या डोक्यात ट्रॅक्टर नव्हतंच, तीच होती. पण हे सगळं डोक्यातच राहिलं, तोंडातून निघालं नाही, आणि त्याच्या पाठीकडे पाहून तिला ते कुठून कळणार होतं? हे तिला सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण ती समोर बसली होती, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत होती, आणि त्याला काही म्हणजे काही बोलता आलं नाही.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवीची गाठ मारली आणि उठली. "हारन चांगला हाये," ती जाता जाता म्हणाली. "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठपासूनच गल्लीत जागा धरली गेली होती. प्रेमराजनाना ओट्यावर. गायीला आज दोन दावी. सुंदरबाई दोन्ही कानांवर पदर गुंडाळून दारात. जीवरामनं गाडी उतरवली, किक मारली, गल्लीकडे तोंड केलं. अंगठा सवयीनं बटणावर गेला. त्यानं तो उचलला. मग त्यानं गाडीच बंद केली, आणि गल्ली इतकी शांत झाली की आत झुंबरबाई कढई घासत असल्याचं बाहेर ऐकू आलं.

"ऐकलं का," तो म्हणाला.

कढईचा आवाज थांबला. बाकी काही झालं नाही.

जीवराम खाकरला. "भाविकाची माय."

"भाविका जळगावले हाये," आतून उत्तर आलं.

सुंदरबाईनं एका कानावरचा पदर काढला. जीवरामच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी माणसं, आणि सगळी आपल्याकडे बघतायत. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्यानं हँडल घट्ट धरलं, गल्लीत कुणाकडेच पाहिलं नाही, आपल्या दाराकडे पाहिलं.

"झुंबर."

बागेच्या या टोकाहून त्या टोकाच्या मजुराला हाक मारायची त्याला आयुष्यभराची सवय, त्यामुळे नाव निघालं ते त्याच्या अंदाजापेक्षा फारच मोठ्यानं. ते समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं. प्रेमराजनानांनी 'काय?' म्हणून विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं असावं. आत काहीच हालचाल नव्हती. जीवरामला वाटलं, चुकलं आपलं. नको होतं. आता ती मागच्या दारानं गेली असणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार.

मग झुंबरबाई दारात आली. हात ओले, पिशवी काखेत. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती तो लपवतही नव्हती. गल्लीतल्या एवढ्या माणसांतून तिनं फक्त सुंदरबाईकडे पाहिलं.

"जाते व," ती म्हणाली. "मले आवाज देऊ राह्यले."

ती येऊन मागं बसली. जीवरामनं किक मारली. पहिल्या किकला गाडी लागली नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला लागली. पाठीवर पुन्हा वजन होतं, आणि तेवढ्यानंच त्याला बरं वाटत होतं.

पाटाचं वळण आलं. जीवरामनं लांबूनच हॉर्न वाजवला, बगळे उठले. पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. केळीची पानंही हलत नव्हती. रस्ता पार मोकळा होता.

"झुंबर, धर," तो म्हणाला.

तिनं चटकन त्याचा खांदा पकडला. "कोन येऊ राह्यलं?"

"कोनी नाही," जीवराम म्हणाला. "आवाज देला."

वळण मागं पडलं. वावर येईपर्यंत तिनं खांद्यावरचा हात काढला नाही.